घशापासून हृदयापर्यंत : पालकांशी आणि विद्यार्थ्यांशी चार शब्द

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात एका हृदयशल्यचिकित्सकाने दिलेले भाषण)



 चिटणीस साहेबांनी पत्रात लिहिले होते की, मुलांना डॉक्टर कसे व्हावे ते सांगा. मी त्यांची परवानगी घेऊन विषय थोडा बदलला आहे. डॉक्टर होणारी मुले थोडी असतात; पण घसा दुखणारी मुले प्रत्येक घरात असतात. म्हणून आज मी घशापासून सुरुवात करून हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंत जाणार आहे. हा प्रवास मी पुस्तकात वाचण्यापूर्वी माझ्या घरात पाहिला आहे.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणत असू, अकरा वर्षांची असताना तिला ताप आला. आधी घसा दुखला होता, तो चार दिवसांत थांबला. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो बरा होतो न होतो तोच घोटा सुजला, मग कोपर. दादीने तेल लावले, शेक दिला. सूज उतरली आणि आपा पुन्हा शाळेत जाऊ लागली. सर्वांना वाटले, दुखणे गेले. पुढे विहिरीवरून हंडा आणताना तिला धाप लागू लागली, तेव्हा अम्मी म्हणाली, पोरगी अशक्त आहे. एकोणिसाव्या वर्षी तिचे लग्न झाले. १९७४ साली, पहिल्या बाळंतपणाच्या आठव्या महिन्यात, एका रात्री तिला झोपता येईना. उठून बसली तरी श्वास पुरेना. खोकल्यातून गुलाबी फेस येऊ लागला. बैलगाडी आणि मग एस. टी. अशी तालुक्याच्या गावी पोचायच्या आत ती गेली, आणि पोटातले बाळही गेले. मी तेव्हा नववीत होतो.

वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर मला कळले की आपाच्या दुखण्याला नाव होते, त्यावर औषध होते, आणि ते हाताबाहेर गेल्यावरसुद्धा त्यावर शस्त्रक्रिया होती. आपा गेली त्याच्या सहा वर्षे आधी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविण्याची शस्त्रक्रिया केली होती. तो रुग्ण काही तासच जगला, पण जगात अशा शस्त्रक्रिया सुरू होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. म्हणजे हृदयशास्त्र आमच्याच राज्यात इतके पुढे गेले होते. आमच्या घरापासून ते किती दूर होते, हे मैलांनी मोजता येणार नाही. आम्हाला माहीत नव्हते, एवढेच ते अंतर होते.

आता हृदयाकडे वळू. आपल्या मुठीएवढा हा स्नायू दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो आणि विश्रांतीच्या वेळीही मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतो. उजवी बाजू रक्त फुप्फुसाकडे पाठविते, तेथे ते शुद्ध होऊन डाव्या बाजूला येते आणि डावी बाजू ते सर्व शरीराला देते. रक्त फुप्फुसातून फिरून येते ही गोष्ट तेराव्या शतकात इब्न अल-नफीस या अरब हकिमाने लिहून ठेवली होती. त्यांच्या त्या लिखाणाकडे जगाचे लक्ष जायला १९२४ साल उजाडावे लागले; बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरला ते हस्तलिखित सापडले. आपल्या पूर्वजांचा अभिमान बाळगायला हरकत नाही; पण हस्तलिखित कपाटात पडून राहिले तर त्याचा रुग्णाला उपयोग होत नाही, हेही त्यातून शिकावे.

हृदयात चार झडपा असतात. रक्ताला पुढे जाऊ द्यायचे आणि मागे येऊ द्यायचे नाही, हे त्यांचे काम. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेला आम्ही मिट्रल झडप म्हणतो. निरोगी माणसात ती उघडली की चार ते सहा चौरस सेंटीमीटरची वाट मिळते. आपाच्या रोगात या झडपेचे दोन पडदे कडेने एकमेकांना चिकटतात. वाट दीड चौरस सेंटीमीटरच्या खाली गेली की रोग तीव्र समजतात. कधी ती एक चौरस सेंटीमीटरहूनही कमी उरते. मग रक्त मागे फुप्फुसात तुंबते आणि धाप लागते. गरोदरपणात स्त्रीच्या शरीरातील रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते. अरुंद दारातून एवढी गर्दी कशी जाणार? आपाच्या त्या रात्रीचा अर्थ हा होता.

हे पडदे चिकटतात कशाने? स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे घसा येतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत हे अधिक आढळते, आणि दाटीवाटीच्या घरांत तो जंतू एका मुलाकडून दुसऱ्याकडे सहज जातो. शरीर जंतूशी लढते. पण काही मुलांत ही लढाई चुकीच्या दिशेने वळते आणि शरीराची शस्त्रे स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर चालतात. यालाच ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. सांधे पूर्ण बरे होतात, म्हणून घरचे लोक निश्चिंत होतात. हृदयाच्या झडपेवर मात्र व्रण राहतो, आणि दर नव्या तापाबरोबर तो वाढतो.

ही झडप बोटाने उघडण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न १९२५ साली लंडनमध्ये हेन्री साउटर यांनी केला. एका तरुण मुलीच्या हृदयात त्यांनी बोट घालून झडप मोकळी केली. मुलगी बरी होऊन घरी गेली. पण त्यानंतर कोणत्याही फिजिशियनने त्यांच्याकडे दुसरा रुग्ण पाठविला नाही, कारण हृदयाला हात लावणे हेच तेव्हा अयोग्य समजले जात होते. वीस वर्षांहून अधिक काळ हा मार्ग बंद राहिला. मग अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या चार्ल्स बेली यांनी तो पुन्हा उघडला. त्यांचे पहिले चार रुग्ण दगावले. १० जून १९४८ रोजी सकाळी चौथा गेला आणि त्याच दिवशी दुपारी त्यांनी पाचवी शस्त्रक्रिया केली. ती चोवीस वर्षांची स्त्री वाचली. मित्रांनो, त्या चार जणांचे स्मरण आम्ही शल्यचिकित्सकांनी ठेवले पाहिजे. आज आम्ही जे सहज करतो त्याची किंमत कोणीतरी आधीच भरलेली आहे.

या पद्धतीत हृदय चालूच असते. डाव्या बरगड्यांमधून छाती उघडायची, हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या टोकाला छोटे छिद्र पाडायचे, त्यातून तर्जनी आत सरकवायची आणि चिकटलेले पडदे बोटाने किंवा एका फाकणाऱ्या उपकरणाने वेगळे करायचे. डोळ्यांना काही दिसत नाही. बोटाच्या टोकाला जे कळेल तेवढेच. आपल्या देशात हजारो तरुण रुग्णांना, गरोदर स्त्रियांनासुद्धा, या साध्या आणि स्वस्त शस्त्रक्रियेने पुन्हा उभे केले आहे. आपालाही तिने वाचविले असते.

परंतु झडप चुन्यासारखी कडक झाली असेल किंवा गळत असेल तर बोटाने भागत नाही. हृदय थांबवून, उघडून, डोळ्यांनी पाहून काम करावे लागते. आणि हृदय थांबले तर मेंदू काही मिनिटांतच मरू लागतो. ही अडचण जॉन गिबन यांनी सोडविली. १९३० च्या सुमारास बॉस्टनमध्ये एका मरणोन्मुख स्त्रीच्या उशाशी रात्रभर बसले असताना त्यांच्या मनात आले की, हिचे काळे रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून परत शरीरात घालता आले तर? या एका प्रश्नावर त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने सुमारे वीस वर्षे काम केले. ६ मे १९५३ रोजी अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातील छिद्र त्यांनी शिवले, तेव्हा सव्वीस मिनिटे तिच्या हृदयाचे आणि फुप्फुसाचे सर्व काम यंत्राने केले. ती वाचली. पुढचे रुग्ण मात्र दगावले आणि गिबन यांनी स्वतः ते काम थांबविले. यंत्र सुधारून दुसऱ्यांनी पुढे नेले. आजही हृदय-फुप्फुस यंत्राचे तत्त्व तेच आहे. पोटॅशियमयुक्त थंड द्रावणाने हृदय शांत करतात, काम उरकले की रक्त पुन्हा सोडतात आणि ते धडधडू लागते. हजारदा पाहूनही त्या क्षणी माझ्या तोंडून अल्लाहचे नाव निघते.

शक्य असेल तेथे आम्ही स्वतःचीच झडप दुरुस्त करतो. ते शक्य नसेल तर कृत्रिम झडप बसवितो. १९६० साली अमेरिकेत अल्बर्ट स्टार हे शल्यचिकित्सक आणि लोवेल एडवर्ड्स हे निवृत्त अभियंता यांनी पिंजऱ्यात चेंडू अशी झडप यशस्वी केली. आपल्या देशात त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय झडप तयार करण्याचा ध्यास घेतला. पहिले तीन नमुने फसले, चौथा यशस्वी झाला, आणि डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसला. परदेशी झडपेहून ती बरीच स्वस्त असल्याने आजवर एक लाखाहून अधिक चित्रा झडपा वापरल्या गेल्या आहेत.

येथे एक प्रश्न आपल्या समाजातील लोक मला दबक्या आवाजात विचारतात, तो मी मोठ्याने घेतो. झडपा दोन जातींच्या असतात. धातू-प्लास्टिकसारख्या पदार्थांची यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. दुसरी प्राण्यांच्या ऊतींपासून बनविलेली. तिला बहुधा ही गोळी कायम लागत नाही, पण ती साधारण दहा-पंधरा वर्षांनी झिजते, आणि तरुण माणसात त्याहून लवकर. या दुसऱ्या जातीत काही झडपा डुकराच्या, तर काही गायी-बैलांच्या हृदयावरणाच्या असतात. तेव्हा संकोच न करता शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना विचारा, पर्याय असतो. आणि जीव वाचविण्याला दुसरा मार्गच नसेल तेव्हा आपल्या धर्मशास्त्रात निकडीची सवलत आहे, हे जाणकार आलिम आपल्याला सांगतील. पण मनात प्रश्न ठेवून, काही न बोलता रुग्णाला इस्पितळातून घरी नेऊ नका. मी असे नेलेले रुग्ण पाहिले आहेत.

१९८२ साली जपानच्या कांजी इनोउए यांनी आणखी एक सोपी वाट काढली. जांघेतील शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन, तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवून पडदे वेगळे करायचे. छाती उघडावी लागत नाही, दोन-तीन दिवसांत रुग्ण घरी जातो. झडप लवचिक असेल आणि फारशी गळत नसेल तर हा उपाय उत्तम. एकेकाळी आम्ही बोटाने जे करीत होतो ते काम आज बहुतेक ठिकाणी हा फुगा करतो. शल्यचिकित्सक म्हणून माझे काम कमी झाले, याचा मला आनंदच आहे.

आता पालकांनो, मुद्द्याची गोष्ट. शस्त्रक्रियेचा निकाल शस्त्रक्रियागृहात ठरतो असे आपण समजता. तो निम्मा तेथे ठरतो. उरलेला निम्मा आपल्या घरात ठरतो.

पहिले, रुग्ण केव्हा येतो. चढ चढताना धाप लागते तेव्हा आलेला रुग्ण आणि अंथरुणात पडून राहता येत नाही तेव्हा आणलेला रुग्ण, दोघांवर शस्त्रक्रिया तीच. निकाल तोच नसतो.

दुसरे, श्वास. भूल दिल्यानंतर आणि छाती उघडल्यानंतर फुप्फुसात कफ साचतो. छातीशी उशी धरून खोकणे, दीर्घ श्वास घेण्याचा व्यायाम करणे, लवकर उठून चालणे, हे दुखले तरी करावेच लागते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने ती निदान काही आठवडे आधी सोडली पाहिजे. खरे तर कायमचीच. छातीचे मधले हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात. त्या काळात सुनेच्या डोक्यावर हंडा देऊ नका.

तिसरे, गोळी. यांत्रिक झडप असलेल्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी आणि सांगितलेल्या तारखेला रक्ताची चाचणी करावी. गोळी कमी पडली तर झडप अडकते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. रमजानमध्ये ही गोळी इफ्तारनंतर घेता येते. पण रोजे धरावेत की नाही, लघवीच्या गोळ्यांचे काय करावे, हे रमजानपूर्वी डॉक्टरांना विचारा. आणि झडप बदललेल्या मुलीने दिवस राहण्यापूर्वी डॉक्टरांना भेटलेच पाहिजे, कारण ही गोळी पोटातील बाळाला अपायकारक ठरू शकते.

चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे, पेनिसिलीनचे इंजेक्शन. ज्याला एकदा ऱ्हुमॅटिक ताप आला, त्याला दर एकवीस दिवसांनी दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते. हृदयाला इजा झाली असेल तर ते निदान दहा वर्षे किंवा वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, जे नंतर येईल तोपर्यंत. झडप खराब असेल तर चाळिशीपर्यंत किंवा त्याहूनही पुढे. शस्त्रक्रिया झाली म्हणून ते थांबत नाही. ते दुखते, कमरेत गाठ येते, मूल रडते, आणि मूल वरवर निरोगी दिसत असते. म्हणून ते बंद पडते. एकदा रमजानात चुकले की पुढे सुटतेच. रमजानच्या एकोणतीस-तीस दिवसांत एकवीस दिवसांचे एक तरी इंजेक्शन येणारच. ते इफ्तारनंतर घ्या, पण घ्या.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे दहावीतली एक मुलगी आली. फुग्याने झडप उघडली, ती हसत घरी गेली. तीन वर्षांनी परत आली तेव्हा झडप पुन्हा चिकटली होती आणि गळतही होती. इंजेक्शन दीड वर्षापूर्वी बंद केले होते. का? तिच्या अम्मीने खाली मान घालून सांगितले, "डॉक्टरसाहेब, पाहुणे येऊ लागले होते. दर तीन आठवड्यांनी दवाखान्यात जाते म्हटल्यावर पोरीला कोण करून घेणार?" या वेळी छाती उघडावी लागली. मुलगी वाचली, आता तिच्या छातीवर लांब व्रण आहे आणि रोजची गोळी आहे. जे लपविण्यासाठी इंजेक्शन बंद केले, तेच छातीवर लिहिले गेले. मी त्या माऊलीला दोष देत नाही. माझ्या अम्मीनेही आपाची धाप अशीच झाकली होती. दोष आहे तो व्रण पाहून परत फिरणाऱ्या पाहुण्यांचा, म्हणजे आपल्या सर्वांचा. मुलाकडच्या मंडळींना माझी विनंती आहे : व्रण पाहून उठू नका. उपचार झालेला आहे याची ती खूण आहे. काळजी करायचीच असेल तर जिचे हृदय कोणी कधी तपासलेच नाही, तिची करा.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी एक माणूस. अमेरिकेत विवियन थॉमस नावाचा कृष्णवर्णीय तरुण होता. सुतारकाम करून डॉक्टर होण्यासाठी त्याने पैसे साठविले. १९२९ नंतरच्या मंदीत बँक बुडाली आणि पैसे गेले. तो तेव्हा डॉ. ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागलेला होता. वर्णभेदामुळे कागदोपत्री त्याची गणना सफाई कामगारांत होती. जन्मतः निळ्या पडणाऱ्या मुलांसाठी डॉ. हेलन टॉसिग यांनी सुचविलेली शस्त्रक्रिया त्याने प्रयोगशाळेत कुत्र्यांवर करून सिद्ध केली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात ती पहिल्यांदा एका तान्ह्या मुलीवर झाली, तेव्हा थॉमस ब्लेलॉक यांच्या मागे एका छोट्या स्टुलावर उभा राहून टाका कसा घ्यावा ते सांगत होता. १९७६ साली त्याच विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. सर्वांना वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळत नाही. पण हृदय-फुप्फुस यंत्र चालविणारा तंत्रज्ञ, परिचारिका, भूल विभागातील साहाय्यक, इको काढणारा, श्वासाचे व्यायाम शिकविणारा, यांच्यापैकी एकही कमी पडला तर माझे हात निकामी आहेत. मुलींनीही या कामांत यावे.

शेवटी संस्थेला एक विनंती करतो आणि आपली रजा घेतो. प्रत्येक वर्गशिक्षकाने हजेरीपटाबरोबर एक छोटी वही ठेवावी. ज्या मुलाला ताप आणि गिळताना घसादुखी आहे, किंवा सांधे फिरत्या पद्धतीने सुजतात, किंवा खेळताना धाप लागते, त्याचे नाव त्यात लिहावे आणि पालकांना बोलावून डॉक्टरांकडे पाठवावे. घशाचा हा आजार नऊ दिवसांच्या आत योग्य औषधाने आवरला, आणि औषध पूर्ण दिवस घेतले, तर ऱ्हुमॅटिक ताप टाळता येतो. ज्यांना इंजेक्शन चालू आहे त्यांची एकवीस दिवसांची तारीख त्याच वहीत असावी. शाळांत मुलांची तपासणी करणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक २०१३ पासून आहे. ते आले की ही वही त्यांच्या हाती द्या. शस्त्रक्रिया लागलीच तर महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका, आधी चौकशी करा.

ही वही चार आण्यांची म्हणावी इतकी साधी आहे. आपाच्या शाळेत ती असती तर आज कदाचित या सभेत ती नातवंडांना घेऊन बसली असती.